अकरा बैठका : एका कौटुंबिक मध्यस्थी सेवेचे परीक्षण

वकिलांनी तयार केलेल्या नोटिशीचा मसुदा वाचला तेव्हा त्यातली बाई मला ओळखू आली नाही. तिच्या बारा वर्षांच्या संसारातले सगळे वाईट दिवस तिथे तारीखवार मांडलेले होते आणि चांगल्या दिवसांचा उल्लेख फक्त कोणती वस्तू कधी खरेदी झाली हे सांगण्यापुरता होता. मसुद्यात खोटे असे काही नव्हते. पण तो पाठवला असता तर समोरूनही त्याच मापाचे उत्तर आले असते, आणि पुढची काही वर्षे आम्ही दोघे एकमेकांना लेखी उत्तरे देण्यात घालवली असती. मी तो पाठवला नाही. त्याऐवजी आम्ही दोघांनी एका ऑनलाइन कौटुंबिक मध्यस्थी सेवेकडे नाव नोंदवले. आठ महिन्यांत अकरा बैठका झाल्या, नंतर न्यायालयातून परस्पर संमतीचा घटस्फोट मिळाला आणि त्यालाही आता वर्ष उलटून गेले आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण पहिल्याच दिवशी सही केलेले गोपनीयतेचे कलम मला पाळायचे आहे, आणि शिवाय पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत.

आमचे लग्न भारतात झाले आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदले गेले, संसार परदेशात झाला आणि वेगळे व्हायचे ठरले तेव्हा मुलीचे बाबा नोकरीनिमित्त तिसऱ्याच देशात होते. एका खोलीत समोरासमोर बसणे शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते झेपलेही नसते. ही सेवा व्हिडिओवरून चालते आणि तिच्याकडे मराठी बोलणाऱ्या मध्यस्थ आहेत, एवढ्या दोन गोष्टींवर आमची निवड झाली. दुसऱ्या गोष्टीची किंमत मला तिसऱ्या बैठकीत कळली. इंग्रजीत आम्ही दोघेही फार सभ्य बोलत होतो. भांडण मराठीत झालेले होते आणि ते मराठीतच सोडवावे लागणार होते. ‘तुझ्या घरात मला कधी कोणी आपले मानले नाही’ हे वाक्य दुसऱ्या भाषेत नेले की त्यातला सल निघून जातो आणि ऐकणाऱ्याला ती एक किरकोळ कुरकुर वाटते.

मध्यस्थी म्हणजे नवराबायकोला समजावून पुन्हा एकत्र आणणे, असा समज बहुतेक घरांत असतो. माझ्या आईने हा शब्द ऐकताच ‘बरे झाले, कोणीतरी दोन शब्द सांगणारे भेटले’ असा सुस्कारा सोडला होता, आणि हे तसले काम नव्हे हे तिला समजावून सांगायला मला महिना लागला. मध्यस्थ निकाल देत नाही, कारण ती न्यायाधीश नसते. कायद्याने कोणाच्या पदरात काय पडते हे ती सांगत नाही, कारण ती दोघांपैकी कोणाचीच वकील नसते. मनाच्या जखमांवर उपचार करणे हेही तिचे काम नाही. दोघांचे बोलणे थांबू न देणे, ते विषयावर ठेवणे आणि जे ठरले ते दोघांनाही मान्य होईल अशा शब्दांत लिहून घेणे, एवढेच ती करते. हे ऐकायला फार थोडे वाटते, आणि म्हणूनच पहिल्या बैठकीनंतर ‘एवढ्यासाठी पैसे मोजायचे का’ असे आम्हा दोघांनाही वाटले होते. त्या काळात आमचे एकमत झालेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

याच्या जवळपास जाणारी दुसरी एक पद्धत आहे आणि तिचीही चौकशी आम्ही केली होती. १९९० साली मिनीॲपोलिस येथील स्टुअर्ट वेब या वकिलांनी ती सुरू केली. तिच्यात प्रत्येकाचा वकील बैठकीत सोबत बसतो. मात्र बोलणी फिसकटून प्रकरण न्यायालयात गेले तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचे, असे आधीच लिहून दिलेले असते. त्यामुळे भांडण वाढवण्यात कोणत्याच वकिलाचा लाभ राहत नाही. कल्पना मला आजही हुशारीची वाटते. पण प्रत्येक बैठकीला दोन वकील म्हणजे तितकेच शुल्क आणि तितक्याच जणांच्या वेळा जुळवणे आले. आम्ही मध्यस्थ बैठकीत आणि वकील बैठकीबाहेर, अशी विभागणी पसंत केली आणि ती योग्य ठरली.

सेवेची सर्वांत चांगली बाजू सुरुवातीलाच दिसली, पण तेव्हा मला ती लक्षात आली नाही. पहिली भेट दोघांची मिळून नव्हती. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे पाऊण तास बोलणे झाले. त्यात मालमत्तेचा विषयच निघाला नाही. समोरच्याने कधी हात उगारला आहे का, फोन तपासतो का, पैसे मागावे लागतात का, या क्षणी खोलीत दुसरे कोणी आहे का, समोरच्याच्या देखत एखाद्या गोष्टीला नाही म्हणण्याची भीती वाटते का, असे सगळे प्रश्न होते. मला ते उगाच वाटले आणि थोडा अपमानही वाटला. नंतर मध्यस्थ बाईंनी सांगितले की जिथे एक माणूस दुसऱ्याच्या धाकात आहे तिथे मध्यस्थी करणे म्हणजे त्या धाकावर दोघांच्या सहीचा शिक्का मारणे, आणि म्हणून अशी प्रकरणे त्या घेतच नाहीत. ऑस्ट्रेलियात मुलांविषयीचा वाद न्यायालयात नेण्यापूर्वी असा प्रयत्न करणे सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे, पण कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांना तिथेही त्यातून वगळलेले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून अर्ज करण्यापूर्वी मध्यस्थीची माहिती देणाऱ्या बैठकीला जावे लागते, आणि तिथेही हाच अपवाद आहे. ज्या सेवेत हे प्रश्न विचारले जात नाहीत आणि पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र बसवले जाते, तिथून उठून यावे असे माझे मत आहे.

कायद्याचा भाग सेवेने स्वतःकडे घेतला नाही, तरी तो टाळलाही नाही. कोणत्या न्यायालयात जायचे, हा आमच्या प्रकरणातला पहिला कठीण प्रश्न होता. मी राहते त्या देशात अर्ज लवकर निकाली निघेल असे मला वाटत होते. मुलीच्या बाबांना कोणीतरी आणखी सोपा देश सुचवला होता. प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा असतो. कॅलिफोर्नियाने १९७० पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देण्यास सुरुवात केली, तरी तिथे किमान सहा महिने थांबावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कोणावरही आरोप करावा लागत नाही, पण अर्जानंतर २० आठवडे आणि न्यायालयाच्या पहिल्या, म्हणजे सशर्त, आदेशानंतर आणखी सहा आठवडे जावे लागतात. ऑस्ट्रेलियात बारा महिने वेगळे राहिल्याचे दाखवावे लागते. स्वीडनमध्ये सोळा वर्षांखालील मूल घरात असेल तर सहा महिने विचाराला दिले जातात. या याद्या वाचून आम्ही दोघेही सर्वांत जवळचा रस्ता शोधत होतो, तेव्हा मध्यस्थ बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘तिथे मिळालेला हुकूमनामा उद्या तुमचे लग्न नोंदलेल्या देशात चालेल का, हे दोघांनी आपापल्या वकिलांना विचारले आहे का?’ आम्ही विचारलेले नव्हते.

विचारल्यावर कळले ते असे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे की ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने आणि मान्य असलेल्या कारणावरून दिलेला परदेशी घटस्फोटच सामान्यतः ग्राह्य धरला जाईल; त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत दुसऱ्या बाजूची संमती हा एक आहे. म्हणजे एकाने एकतर्फी आणलेला झटपट कागद भारतात अडकण्याची भीती मोठी होती. मग आम्ही भारतातच परस्पर संमतीने अर्ज करायचे ठरवले. हिंदू विवाह कायदा १९५५ चा असला तरी परस्पर संमतीची तरतूद, म्हणजे कलम १३-ब, त्यात १९७६ मध्ये आली. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा आपली इच्छा सांगावी लागते. हे सहा महिने योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तरीही आम्ही ते माफ करून मागितले नाहीत. घाई संपली होती, आणि मध्यस्थीच्या शेवटच्या तीन बैठका त्याच काळात झाल्या.

पैशाच्या बैठकांना मी सर्वांत जास्त घाबरले होते. प्रत्यक्षात त्या सर्वांत कंटाळवाण्या निघाल्या, आणि ते सेवेचे यश म्हटले पाहिजे. दोघांनी स्वतंत्रपणे एकच कोष्टक भरायचे होते: खाती, ठेवी, निवृत्तीची पुंजी, विमा, गाडी, दागिने, कर्जे, मित्रांना दिलेले उसने, मित्रांकडून घेतलेले उसने. प्रत्येक ओळीपुढे पुरावा जोडायचा. दोन्ही कोष्टके पूर्ण होईपर्यंत वाटणीचा शब्द काढायला परवानगी नव्हती. भारतातही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे निर्देश दिलेले आहेत, तेव्हा हे काम कधी ना कधी करावेच लागणार होते. माझ्या कोष्टकात मी विसरलेली एक जुनी पॉलिसी निघाली, तिच्यावर नामनिर्देशित म्हणून अजून माझ्या नवऱ्याचेच नाव होते. काही ठिकाणी घटस्फोटाबरोबर असे नाव आपोआप रद्द होते आणि काही ठिकाणी होत नाही; म्हणून ते स्वतः बदलून घ्यावे, एवढेच आम्हाला सांगण्यात आले आणि ते पुरेसे होते.

त्याहून मोलाची सूचना संयुक्त कर्जाबद्दल मिळाली. घराचे उरलेले हप्ते तो भरेल असे आमचे सहज ठरून गेले होते आणि मला तो विषय संपल्यासारखा वाटला होता. मध्यस्थ बाईंनी शांतपणे विचारले, ‘हे बँकेला कोण सांगणार?’ नवराबायकोंमधल्या करारात बँक पक्षकार नसते. कर्जावर माझी सही आहे तोवर त्याने हप्ता चुकवला तर बँक माझ्याकडेच येणार, आणि आमच्यात काय ठरले आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नाही. यावर उपाय दोनच होते : कर्ज त्याच्या एकट्याच्या नावे नव्याने करून घेणे, किंवा घर विकून कर्ज फेडणे. या एका प्रश्नाने आमचा अर्धा करार बदलला. शेवटी घर विकले. ते मला फार लागले, आणि त्या संध्याकाळी मी मध्यस्थ बाईंवर मनातल्या मनात जितकी चिडले तितकी नवऱ्यावरही कधी चिडले नसेन.

आता मुलीविषयी. माझ्या मते या सेवेचे खरे कसब तिथे दिसते. आम्ही दोघांनी मोठ्या समंजसपणे एक वाक्य लिहून आणले होते, ‘मुलगी आईजवळ राहील आणि सुट्टीत बाबांकडे जाईल.’ हे वाक्य सोडवायला एक तास चाळीस मिनिटे लागली. कोणती सुट्टी, शाळेची की त्याच्या कार्यालयाची? सुट्टी शेवटचा तास संपल्यावर सुरू होते की दुसऱ्या दिवशी सकाळी? तिला विमानात कोण बसवणार, तिकीट कोण काढणार आणि किती दिवस आधी? तिला ताप असेल तर जायचे की नाही, आणि ताप आहे हे कोणी ठरवायचे? वाढदिवस सुट्टीत आला तर? पारपत्र कोणाकडे राहील आणि प्रवासानंतर किती दिवसांत परत द्यायचे? मला प्रत्येक प्रश्न खुसपट काढल्यासारखा वाटत होता. नंतरच्या वर्षात यांतले निदान चार प्रश्न खरोखर उभे राहिले, तापाचा तर पहिल्याच सुट्टीत, आणि प्रत्येक वेळी उत्तर लिहिलेले होते म्हणून फोनवर आवाज चढला नाही.

पारपत्राचे कलम आमच्यासारख्यांसाठी नुसती औपचारिकता नव्हती. एका पालकाने मुलाला दुसऱ्या देशात नेऊन परत न आणण्याच्या प्रकारांसाठी १९८० चा हेग करार आहे आणि शंभराहून अधिक देश त्यात सहभागी आहेत. भारत मात्र त्यात नाही. त्यामुळे दोन पालक दोन देशांत असतील तर प्रवासाची लेखी संमती, परतीची तारीख आणि तिकिटाची प्रत या तीन गोष्टी कितीही विश्वास असला तरी कागदावर असाव्यात. आमच्या मध्यस्थ बाईंनी हे कोणावरही संशय न दाखवता मांडले, आणि ते सोपे नसते. त्या आम्हा दोघांनाही ‘मुलीची आई’ आणि ‘मुलीचे बाबा’ म्हणूनच बोलवीत, ‘पक्षकार’ हा शब्द त्यांनी अकरा बैठकांत एकदाही वापरला नाही.

मुलीशी बोलण्यासाठी सेवेने वेगळी बालसमुपदेशक दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दोन्ही पालकांशी संबंध ठेवण्याचा मुलाचा हक्क नवव्या कलमात आहे आणि स्वतःशी निगडित गोष्टींत आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क बाराव्या कलमात. पण म्हणणे ऐकणे म्हणजे निवड करायला लावणे नव्हे, हा फरक समुपदेशक बाईंना पक्का ठाऊक होता. ‘तुला कोणाकडे राहायचे आहे?’ हा प्रश्न कोणीही, अगदी लाडानेसुद्धा, तिला विचारू नये अशी त्यांनी आम्हा दोघांना आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांना ताकीद दिली. तीन भेटींत त्यांनी तिच्याकडून दोन घरांची चित्रे काढून घेतली आणि त्यात काय काय हवे ते तिलाच लिहायला सांगितले. शेवटी मुलीच्या परवानगीने त्यांनी तिचा एकच प्रश्न आमच्यापर्यंत आणला, ‘बाबांच्या घरी मला कपाट मिळेल की मी बॅगेतूनच कपडे काढायचे?’ इतक्या महिन्यांत आम्ही तिच्या शिक्षणाचा खर्च, विमा, डॉक्टर, पोटगीची वाढ हे सगळे ठरवले होते. कपाटाचा विचार दोघांनीही केला नव्हता. ते आता कराराच्या एकोणिसाव्या कलमात आहे आणि त्याच्या किल्लीचाही उल्लेख आहे, कारण किल्ली हवी हेही तिनेच सांगितले.

सेवा कमी पडली ती नातेवाइकांच्या बाबतीत. घटस्फोट दोघांचा असतो असे कागद म्हणतो, प्रत्यक्षात तो दोन घरांचा असतो. माझ्या सासूबाईंना नातीशी दर रविवारी बोलायचे होते आणि ती वेळ कोण ठरवणार यावरून पाच आठवडे धुसफूस चालली होती. माझा मोठा भाऊ प्रत्येक बैठकीनंतर फोन करून ‘तू फार लवकर मान्य केलेस’ असे सांगत असे आणि पुढच्या बैठकीत मी आधी मान्य केलेल्या मुद्द्यावर पुन्हा अडून बसत असे. हे मध्यस्थ बाईंच्या ध्यानात आलेले होते. पण सेवेच्या रचनेत नातेवाइकांसाठी जागाच नव्हती. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसाठी एखादी माहितीची बैठक ठेवली असती, त्यात काय ठरवले जाते आणि काय ठरवले जात नाही हे त्रयस्थाच्या तोंडून त्यांना कळले असते, तर आमच्या निदान दोन बैठका वाचल्या असत्या. आजीच्या रविवारचा प्रश्न शेवटी माझ्या नणंदेने सोडवला. ‘वहिनी, आईला मीच फोन लावून देत जाईन’ एवढे म्हणाली आणि आजतागायत ती ते करते आहे.

स्वागताच्या सामग्रीतही एक अनाठायी गोष्ट होती. त्यात आयुष्यातल्या ताणांची ती प्रसिद्ध यादी घातलेली होती, जी थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली तयार केली : जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, घटस्फोटाला ७३, विभक्त राहण्याला ६५. गुणांची बेरीज करा आणि आपल्या प्रकृतीला किती धोका आहे ते पाहा. रात्री अकरा वाजता एकटीने ती बेरीज करून मला काय साधायचे होते, हे मला अजून समजलेले नाही. त्याच पानावर झोप लागत नसेल तर कोणाला भेटावे हे लिहिले असते तर उपयोग झाला असता.

आता खऱ्या तक्रारी. सहाव्या बैठकीला पडद्यावर अचानक दुसऱ्याच मध्यस्थ दिसल्या. आधीच्या बाई रजेवर असल्याचे आम्हाला कोणीही कळवले नव्हते. नव्या बाई अनुभवी असतील, पण त्यांनी नोंदी वाचलेल्या नव्हत्या, आणि घर विकण्याची सगळी कहाणी आम्हाला पहिल्यापासून सांगावी लागली. ज्या गोष्टी एकदा सांगायलाच आठ दिवस लागतात त्या दुसऱ्यांदा परक्या माणसाला सांगणे म्हणजे काय, हे अशा सेवेने तरी समजून घ्यायला हवे होते. त्या बैठकीचे शुल्क परत मागितले तेव्हा अर्धे मिळाले.

शुल्काची पद्धतही आधी नीट उलगडून सांगितलेली नव्हती. बैठक तासाच्या हिशेबाने आहे हे माहीत होते. परंतु दोन बैठकांच्या मध्ये आम्ही पाठवलेले प्रत्येक पत्र वाचण्याचा वेळही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजला जातो, हे पहिल्या महिन्याचे बिल हातात पडल्यावर कळले. रागाच्या भरात मी एकदा चार पानी पत्र लिहिले होते, ते वाचायला त्यांना चाळीस मिनिटे लागली होती. त्यानंतर माझी पत्रे आपोआप आटोपशीर झाली हे खरे, पण तो काही सेवेचा गुण नव्हे.

सर्वांत गंभीर चूक कराराच्या मसुद्यात झाली. बावीस पानांच्या त्या दस्तऐवजात तीन ठिकाणी ‘दोन्ही मुलांचे’ असे लिहिलेले होते. आम्हाला एकच मुलगी आहे. याचा अर्थ आमचा मसुदा दुसऱ्या कोणाच्या मसुद्यावरून उतरवलेला होता, आणि आमचाही पुढे कोणाच्या तरी मसुद्याखाली असाच राहणार होता. कोणाचे नाव त्यात राहिलेले नव्हते हे नशीब. ही चूक माझ्या वकिलांनी पकडली, सेवेने नाही. म्हणूनच मध्यस्थीत सगळे गोडीने ठरलेले असले तरी शेवटचा कागद प्रत्येकाने स्वतःच्या वकिलाला, आणि दोघांनी मिळून एकाला नव्हे, दाखवल्याशिवाय सही करू नये. माझ्या वकिलांनी आणखी एक दुरुस्ती सुचवली : पोटगीची रक्कम कोणत्या चलनात मोजायची हे मसुद्यात लिहायचे राहून गेले होते. दोन देशांत राहणाऱ्या माणसांच्या करारात ही केवढी मोठी फट होती, ते सांगायला नको.

न्यायालयाचा भाग सेवेच्या कक्षेबाहेरचा असल्याने त्याबद्दल थोडेच लिहिते. करार पूर्ण होता म्हणून तिथे वाद झाला नाही. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळे विचारले की संमती स्वखुशीने दिली आहे का. मी ‘हो’ म्हटले, आणि गेल्या काही वर्षांत इतक्या खात्रीने मी क्वचितच काही म्हटले असेल.

करारात एक कलम असेही आहे की दरवर्षी एकदा मुलीच्या वेळापत्रकाचा फेरविचार करायचा, आणि त्याची आठवण सेवेने करून द्यायची. ते पत्र गेल्या आठवड्यात वेळेवर आले. त्यात आम्हा दोघांना आमच्या ‘दोन्ही मुलांच्या’ वेळापत्रकाविषयी बोलण्याचे निमंत्रण आहे. मी ते मुलीच्या बाबांना पुढे पाठवले, आणि त्यांचे उत्तर आले, ‘दुसऱ्याला सुट्टीत कोण घेणार आहे?’ बैठकीची वेळ आम्ही नक्की केली आहे. मुलीला अकरा पूर्ण झाली असून या सुट्टीतला दुसरा आठवडा तिला मैत्रिणींसाठी मोकळा हवा आहे, आणि तसे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिले आहे.